तळघरातली हवा

"सायेब, खाली हवा सरलीया की."

तळघरात काम करणारी काशम्मा जिन्याच्या मधल्या वळणावर कठड्याला धरून उभी होती. पिंपातलं पाणी सरलंय किंवा चहाची पत्ती सरलीय, असं सांगावं तशा सुरात तिनं ते सांगितलं. कमलाकर आराध्ये वरून खाली येत होता, पण तळघराकडे न जाता मधल्या दारानं मागच्या आवारात जाणार होता. तो थबकला आणि हसला. "हवा कशी सरेल, काशम्मा? ती काय टँकरनं येते?" काशम्माही हसली, पण लगेच नाही. आधी तिनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं, डोळे मिटून उघडले, आणि त्याचं बोलणं लांबून चालत येऊन तिच्यापाशी पोचल्यासारखं मग तिचे ओठ हलले. "न्हाय, तसं न्हाय," ती म्हणाली, "पर लई जड लागतंय बगा. वर आलं की जरा बरं वाटतंय." एवढं बोलून ती भिंतीला टेकली. कमलाकर मागच्या आवारात गेला, पाण्याच्या टाकीची पातळी पाहिली, जनरेटरवरची धूळ उगाच बोटानं पुसली. पण ते उशिरा आलेलं हसणं त्याच्या डोक्यातून जाईना. बाहेर मे महिन्याचं सोलापूर त्रेचाळीस अंशांत वितळत होतं, आणि त्याला गार लागत होतं.

स्वर्णांबरीची ही इमारत त्याच्या हाताखालची होती. मालकीची नव्हे; पण लग्नाच्या घरात आचारी जसा चुलाणाचा मालक असतो, तसा तो तिच्या लिफ्टचा, पाण्याचा, विजेचा आणि हवेचा मालक होता. खाली सोनं आणि हिरे, पहिल्या मजल्यावर रेशीम, दुसऱ्यावर नवरीचा साज, तिसऱ्यावर कचेरी. रस्त्याकडून सगळी काच. आणि गिऱ्हाइकाला कधी न दिसणारं तळघर, जिथं बारा बायका सकाळी दहापासून साड्यांचे गठ्ठे सोडत, घड्या घालत, चिठ्ठ्या लावत, डब्यांना सोनेरी फिती बांधत. नऊ वर्षांपूर्वी चादरींच्या कारखान्यातली इंजिनियरची नोकरी सुटली तेव्हा तो इथं आला. पन्नाशी उलटल्यावर माणसाला आपल्या कामाचं कुणी कौतुक करील अशी आशा उरत नाही, आणि त्याला ती नव्हतीच. मग दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या मुख्य कचेरीनं ठरवलं की आपल्या चौदाही इमारतींचा पृथ्वीवरचा भार तीस टक्क्यांनी कमी करायचा, आणि ते काम घेऊन राजस आला. एकोणतीस वर्षांचा पोरगा, परदेशात शिकलेला, पण कमलाकरच्या घरी मांडी घालून बसला, प्रभानं केलेली कडक भाकरी शेंगाचटणीशी मोडून खाल्ली आणि म्हणाला, "सर, आपण माणसांना एवढं सोनं विकतो. निदान पृथ्वीचं थोडं कमी खाऊ या."

ते वाक्य कमलाकरला मनापासून पटलं होतं. हे पुढं त्याला स्वतःशीच पुन्हा पुन्हा सांगावं लागलं, की ते ढोंग नव्हतं. शहरात पाच दिवसांआड नळ येत होता, आणि स्वर्णांबरीच्या दारातल्या कारंज्यासाठी रोज टँकर रिकामा होत होता. कारंजं त्यानं पहिल्याच आठवड्यात बंद केलं. पश्चिमेच्या काचेवर ऊन अडवणारा पडदा चिकटवून घेतला, शोकेसमधले निम्मे दिवे काढले आणि उरलेल्यांची तोंडं अशी वळवली की हिरे पूर्वीइतकेच चमकावेत. गच्चीवर सौर पाट्या बसवल्या. हात धुतलेलं पाणी संडासाकडे वळवलं. प्रत्येक महिन्याला संगणकाच्या पडद्यावरची विजेच्या वापराची रेघ खाली उतरे आणि संध्याकाळी घरी जाताना त्याला आपण तरुण झाल्यासारखं वाटे. एकवीस टक्के घटीवर मात्र रेघ थांबली. विहिरीला खडक लागावा तशी थांबली. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. मे महिन्यात बाहेरची परीक्षक मंडळी येणार होती, आणि दाराशी लावायची 'हरित इमारत' ही पितळी पाटी आधीच घडवून ठेवलेली होती.

"फ्रेश एअर थोडी कमी करता येईल का, सर?" राजसनं एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फोनवर विचारलं. "नियमात बसेल एवढीच हं." बंद काचांच्या इमारतीत तीच ती हवा थंड होऊन फिरत राहते. माणसं ती आत घेतात, बाहेर सोडतात, पुन्हा आत घेतात. म्हणून बाहेरची थोडी ताजी हवा सतत मिसळावी लागते, आणि तिच्या वाटेवर एक लोखंडी झडप असते, तिला डॅम्पर म्हणतात. पण बाहेरची हवा म्हणजे सोलापूरची हवा. तिला त्रेचाळिसावरून चोविसावर आणायला जितकी वीज लागते, तितकी सगळ्या दिव्यांनाही लागत नाही. कमलाकरनं झडपेचा दांडा एक बोट फिरवला. रेघ उतरली. दुसऱ्या आठवड्यात आणखी एक बोट. वरच्या मजल्यांना तशी काळजी नव्हती, गिऱ्हाइकांच्या येण्याजाण्यानं दार दिवसभर उघडत होतं. तळघराला दार होतं ते जिन्याचं, आणि त्याला आपोआप मिटणारा खटका होता. एप्रिलच्या शेवटाला तळघराची झडप पूर्ण मिटली. कुणी काही बोललं नाही. बोलली ती फक्त भिंतीवरची पांढरी डबी, श्वासानं हवा किती जड झाली ते मोजणारी. तिचा आकडा दोन हजार तीनशेवर गेला आणि पडद्यावर 'तळघर' हा शब्द लाल झाला. आणखी दोन दिवस तो लाल राहिला असता, तर आपोआप पुण्याला निरोप गेला असता.

त्या दिवशी दुकान उघडायच्या आधी, झाडूवाली बाई वरच्या मजल्यावर असताना, त्यानं पेचकसानं दोन स्क्रू काढले. डबी तळहाताएवढी, कोमट. ती त्यानं खिशात घालून वर आणली आणि मोठ्या दाराशी पितळी हत्तीच्या मागं बसवली. पडद्यावर तिचं नाव तेच राहिलं. तासाभरात 'तळघर' सहाशे चाळीस, हिरवं. त्याला वाटलं होतं की छाती धडधडेल, घाम फुटेल. तसलं काही झालं नाही. तपासणी होईपर्यंत, तो मनाशी म्हणाला, आणि चहा प्यायला गेला. आठ दिवसांनी पुण्याहून सगळ्या इमारतींची पडद्यावर बैठक झाली तेव्हा राजस म्हणाला, "सोलापूर, एकतीस टक्के! कमाल केलीत, सर." तेरा खिडक्यांतून तेरा इंजिनियर टाळ्या वाजवत होते, आणि सगळ्यांचे आवाज बंद असल्यामुळं त्या टाळ्या नुसत्याच दिसत होत्या. तळहात एकमेकांवर आपटत होते, आणि खोलीत चिटपाखरू नव्हतं.

आता आवारातून परतताना तो मधल्या दाराशी घुटमळला आणि मग तळघरात उतरला. खटक्यानं दार मागं मिटलं. चोवीस अंश, काटेकोर. नव्या रेशमाचा, खळीचा, डांबराच्या गोळ्यांचा आणि त्या सगळ्यांच्या खाली माणसांचा वास. बायका लांब टेबलाभोवती उभ्या होत्या. कुणी बोलत नव्हतं. एरवी ह्या बायका कानडीत आणि तेलुगूत एवढा कलकलाट करायच्या, की मॅनेजर वरून निरोप पाठवायचा. एकीनं निळी पैठणी घडी घातली, बाजूला ठेवली, पुन्हा जवळ ओढली, उलगडली आणि पुन्हा घडी घालायला लागली. कोपऱ्यात एक तरुण मुलगी गठ्ठ्यावर डोकं ठेवून झोपली होती.

"हिला उठवा की," कमलाकर म्हणाला.

"उटवली तर परत झोपतीया, सायेब," काशम्मा म्हणाली. ती केव्हा खाली आली होती ते त्याला कळलं नव्हतं. "समद्यास्नीच झोप येतीया. डोस्कं जड. जेवान बी जाईना."

"ऊन फार आहे यंदा," तो म्हणाला. "पाणी पीत जा." आणि एका स्टुलावर बसला. त्याला भिंतीवरच्या त्या जागेकडे पाहायचं नव्हतं. स्क्रूची दोन छिद्रं तिथं अजून उघडी होती. तो साड्यांच्या घड्यांकडे पाहत राहिला. हात उचलला जाई, काठ काठाला लागे, हात खाली येई. त्याला जांभई आली. मग दुसरी. आपण कशासाठी खाली आलो हे त्याला आठवेना, आणि आठवत नाही याचं काही वाटेनाही. गोधडीत शिरावं तशी एक जाड, ऊबदार बेफिकिरी चढत होती. वरून कुणी हाक मारली म्हणून तो उठला. जिना चढताना मनगटावरचं घड्याळ पाहिलं तर पाऊण तास गेला होता.

लहानपणी केम गावी मामाच्या मळ्यात विहिरीचा गाळ काढायला मानसिंग नावाचा माणूस येई. काळा, वाळलेला, कानात बाळी. कमलाकर तेव्हा दहा वर्षांचा असेल. चार वर्षं उपसा न झालेली विहीर होती. मानसिंगनं आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडला, आणि पाण्यापासून पुरुषभर उंचीवर तो विझला. फडफडला नाही, काही नाही. कुणी चिमटीत धरावी तशी ज्योत गेली. मामाला घाई होती. "वाऱ्यानं गेला असंल," मामा म्हणाला. "उतर तू." मानसिंग काठावर बसला, विडी पेटवली आणि म्हणाला, "दिवा जगंना तितं मानूस कसा जगंल, पाटील?" मामानं आवाज चढवला, शिव्या दिल्या, दुसरा माणूस आणतो म्हणाला. "आना की," मानसिंग म्हणाला, "त्याला बी ह्येच सांगीन." मग त्यानं कडुनिंबाच्या फांद्यांचा भारा दोरीला बांधला आणि दुपारभर तो विहिरीत खालीवर, खालीवर हलवत राहिला, खालची मेलेली हवा ढवळून वर काढत. दर थोड्या वेळानं कंदील सोडून बघे. उन्हं कलताना कंदील तळापर्यंत जळत गेला, आणि तेव्हाच तो उतरला. त्या दिवशी कमलाकरला मानसिंगचा राग आला होता, कारण त्याच्यामुळं त्यांचं जेवण लांबलं होतं. आज सत्तेचाळीस वर्षांनी मोठ्या दाराशी उभं राहून त्याला मानसिंगची विडी धरलेली बोटं स्पष्ट दिसली, नखांतल्या मातीसकट, आणि वाटलं की ह्या माणसाला काठावर बसता येत होतं. तळघरात काठ नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यानं सगळ्या खिडक्या उघडल्या. "अहो, गरम वाफा येताहेत," प्रभा म्हणाली. ती शाळेतून निवृत्त झाल्यापासून दुपारभर पडदे ओढून घर गार राखायची. "येऊ देत," तो म्हणाला. जेवताना त्यानं घास हातात धरून ठेवला. प्रभा त्याच्याकडे पाहत राहिली. तीस वर्षं वर्गातल्या पोरांचे चेहरे वाचलेली बाई. "शाळेत एखाद्यानं खडू खाल्ला की तो असाच बसायचा," ती म्हणाली. "काय झालंय?" शुक्रवारी तपासणी आहे, एवढंच तो म्हणाला. ते खोटं नव्हतं. खोटं न बोलताही किती लपवता येतं, याची त्याला आता सवय होत चालली होती. आकडाही खोटा नव्हताच, हत्तीमागची हवा खरोखर सहाशे चाळीसच होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं राजसला फोन केला. "तळघरातल्या बायका जरा कुरकुर करताहेत. हवा थोडी वाढवू का?"

"आकडा तर छान दिसतोय, सर. सहाशे चाळीस. माझ्या ऑफिसमध्ये आठशे आहे!" राजस हसला. त्याच्या हसण्यात काही आडवळण नव्हतं, हेच वाईट होतं. "शुक्रवारपर्यंत काही हलवू नका ना. मग आपण बसून बघू." कमलाकर म्हणाला, "बरं." फोन ठेवल्यावर त्याला वाटलं, आपण ह्या पोराला फसवतोय. मग वाटलं, नाही, हा पोरगाच आपल्याला खोलात जाऊन विचारत नाहीये. मग दोन्ही विचार एकमेकांवर घडी पडल्यासारखे बसले आणि त्यातला कुठला खालचा ते कळेना. झडपेच्या खोलीत जाऊन त्यानं दांड्यावर हात ठेवला. लोखंड थंड होतं. एक बोट फिरवलं असतं, तरी चाललं असतं. पण एका बोटानं रेघ हलली असती, आणि रेघ हलली तर का हलली ते सांगावं लागलं असतं. तो हात पुसून बाहेर आला.

शुक्रवारी सकाळपासून दुकानात मोगऱ्याचे गजरे लावले होते. राजस पहाटेच्या गाडीनं आला होता. त्यानं वाकून नमस्कार केला तेव्हा कमलाकरनं पटकन पाय मागं घेतले. परीक्षक म्हणून आलेल्या बाई पन्नाशीच्या, सुती साडीतल्या, चष्मा गळ्यात अडकवलेला. त्या गच्चीवर गेल्या, सौर पाट्यांना हात लावून पाहिला, पाण्याची टाकी उघडायला लावली. प्रत्येक ठिकाणी त्या विचारत आणि कमलाकर सांगे, आणि सांगता सांगता तो पुन्हा दोन वर्षांपूर्वीचा कमलाकर होई. हे सगळं खरं होतं, हे सगळं त्यानं हातानं केलं होतं. मग जिन्याशी थांबून बाई म्हणाल्या, "तळघर पाहू या का?"

मॅनेजरनं मॅनेजरसारखं तोंड केलं. प्रमाणपत्र देण्याच्या समारंभात दालन मोकळं दिसावं म्हणून त्यानं झाडूवाल्या, पाणी देणाऱ्या, नव्या शिकाऊ मुली अशी वीस माणसं खाली पाठवली होती. आधीच्या बारा होत्याच. "खाली लग्नसराईचा माल पसरलाय, मॅडम," तो म्हणाला, आणि कमलाकरकडे पाहिलं. राजसनंही पाहिलं, अगदी सहज. बाई वाट पाहत होत्या. जिन्याच्या दाराचा खटका कमलाकरच्या हातापासून वीतभर अंतरावर होता.

"पडद्यावर दिसतंच की सगळं," कमलाकर म्हणाला.

हे वाक्य आपल्या तोंडून बाहेर पडताना त्यानं ऐकलं. आवाज शांत होता, अनुभवी माणसाचा. बाईंनी चष्मा लावला, टॅबवरचा हिरवा शब्द पाहिला आणि मान हलवली.

पाऊण तासानं दालनात खुर्च्या मांडल्या गेल्या. राजस बोलायला उभा राहिला. सोलापूरसारख्या तापणाऱ्या शहरात हे होऊ शकतं तर कुठंही होऊ शकतं, असं काहीसं तो बोलत होता, आणि मग त्यानं नाव घेतलं, "आराध्ये सर." ह्या खेपेला टाळ्यांना आवाज होता. कमलाकर पुढं गेला. हातात काचेच्या चौकटीतलं प्रमाणपत्र आलं, कुणीतरी फोटोसाठी खांदा वळवला, आणि त्या वळलेल्या खांद्यावरून त्याला भिंतीवरचा पडदा दिसला. तळघर, सहाशे बावन्न. दाराशी गर्दी वाढली म्हणून आकडा बारानं वाढला होता. खाली बत्तीस माणसं होती, आणि आकडा दारातल्या माणसांचा श्वास मोजत होता. त्याच क्षणी जिन्याचं दार उघडलं. गठ्ठ्यावर झोपणारी ती तरुण मुलगी दारात उभी होती, आणि तिला इतक्या माणसांपुढं बोलावं की नाही ते कळत नव्हतं. ओठ हलवून ती फक्त कमलाकरकडे पाहत म्हणाली, "काशम्मा पडल्या."

प्रमाणपत्र त्यानं कुणाच्या हातात दिलं ते त्याला पुढंही आठवलं नाही. काशम्मा जिन्याच्या तळाशी आडवी होती. वर यायला निघाली होती, जरा हवा खायला. मधल्या वळणावर कठडा हातातून सुटला आणि ती पाठीमागं कोसळली. डोक्याखाली रक्ताचा लहानसा डाग, पानाच्या पिंकेएवढा. बायका भोवती उभ्या होत्या, पण कुणी ओरडत नव्हतं, रडत नव्हतं. त्या तशाच मंद, जड डोळ्यांनी पाहत होत्या, आणि ते त्याला रक्ताहून भयंकर वाटलं. त्यानं तिला उचललं. तेवीस पायऱ्या, दालन, खुर्च्या, गजरे, परीक्षक बाईंचं आ वासलेलं तोंड, पितळी हत्ती. दाराबाहेर आल्यावर त्रेचाळीस अंशांचा झोत अंगावर आला आणि त्यानं तोंड उघडून तो आत ओढला. राजसनं गाडीचं दार उघडून धरलं होतं.

मेंदूत रक्त साकळलं होतं, ते काढलं. काशम्मा वाचली. साखर होतीच, असं मॅनेजर म्हणाला. ऊन होतंच, असं सगळेच म्हणाले. जिन्यात पाय घसरला, असं कागदावर लिहिलं गेलं, आणि तेही खोटं नव्हतं. शनिवारी पहाटे कमलाकरनं झडप पूर्ण उघडली, डबी परत खालच्या भिंतीवर बसवली आणि जुन्याच छिद्रांत स्क्रू पिळले. त्या दुपारी तळघरात कलकलाट होता. रविवारी राजसला सोडायला तो स्टेशनवर गेला तेव्हा फलाटावर त्यानं तोंड उघडलं.

"राजस, तळघराचा डॅम्पर मी पूर्ण बंद केला होता."

राजस रुळांकडे पाहत राहिला. त्याचा चेहरा एकदम पोरवयाचा दिसला. "पूर्ण?" मग, "पण आकडा तर…" आणि तो थांबला. तो थांबला हे कमलाकरच्या लक्षात आलं. पुढं विचारलं तर उत्तर मिळेल, हे त्या पोराला कळलं होतं. "आता उघडलात ना?" तो म्हणाला. "मग झालं, सर. रिपोर्ट पुढं गेलाय. तुम्ही विश्रांती घ्या." गाडी आली. कमलाकरनं बॅग चढवून दिली. डबीबद्दलचं उरलेलं अर्धं वाक्य तो बोललाच नाही, आणि त्याला सुटल्यासारखं वाटलं, ह्याची त्याला शरम वाटली.

अकराव्या दिवशी पुण्याहून पत्र आलं. सोलापूरच्या इमारतीत हवेची जी मांडणी केली होती, तीच बाकीच्या तेराही इमारतींत पावसाळ्याआधी लागू करायची होती. मांडणीला नाव दिलं होतं, 'आराध्ये पद्धत'. खाली सह्या होत्या. राजसची नव्हती, त्याच्या वरच्यांच्या होत्या. कमलाकरनं ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि दवाखान्याच्या वेळेला निघाला.

काशम्माला जनरल वॉर्डात खिडकीजवळची खाट मिळाली होती. डोक्याला पांढरी पट्टी, तोंडाची डावी बाजू किंचित ओघळलेली. तिची मुलगी महादेवी उशाशी मोसंबं सोलत बसली होती. कुंभारीहून रोज बसनं यायची, शाळेच्या गणवेशांच्या शिलाईतून सुट्टी काढून. "या साहेब," ती उठत म्हणाली. "आईचं मराठी गेलंय बगा. डाक्टर म्हनत्यात यील हळूहळू. आता नुसतं कानडीच बोलतीया." काशम्मानं त्याला ओळखलं. तिचा उजवा हात चादरीवरून सरकत आला आणि त्यानं त्याचा हात धरला. पकड घट्ट होती. आधी वर्षानुवर्षं विड्या वळलेली, मग रेशमाच्या घड्या घातलेली बोटं. ती काहीतरी बोलली. "इवरिंद… उळिदीनि."

"काय म्हणतात?" त्यानं विचारलं.

"तुमच्यामुळं वाचले, म्हनतीया," महादेवी म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. "सगळ्या आलेल्या मानसाला ह्येच सांगतीया. साहेबांनी उचलून वर आनलं, स्वतः. एवढा मोठा मानूस." काशम्मानं मान हलवली, पुन्हा तेच म्हणाली, आणि अर्ध्या तोंडानं हसली.

त्याचा फोन वाजला. लातूरच्या इमारतीचा इंजिनियर देवदत्त होता. पडद्यावरच्या तेरा खिडक्यांतला एक, त्या दिवशी मुक्या टाळ्या वाजवणारा. कमलाकरचा उजवा हात काशम्माच्या हातात होता. त्यानं डाव्या हातानं फोन कानाला लावला.

"आराध्ये सर, एक विचारायचं होतं. तुमच्या पद्धतीनं सकाळीच तळघराचा डॅम्पर बंद केला. वीज उतरली, मस्त. पण ती डबी लाल झालीय. अडीच हजार दाखवतेय. खाली अठरा जणी आहेत. तुमच्याकडं डॅम्पर बंद असताना आकडा सहाशेत कसा काय राहिला? काहीतरी युक्ती असणार ना?"

बाहेर जाऊन बोलता आलं असतं. 'नंतर करतो' म्हणता आलं असतं. दहा दिवस, एक महिना, नऊ वर्षं तो हेच करत आला होता असं त्याला वाटलं. त्यानं हात सोडवायचा प्रयत्न केला. काशम्मानं सोडला नाही.

"युक्ती नव्हती," कमलाकर म्हणाला. आवाज हवा त्यापेक्षा मोठा निघाला. शेजारच्या खाटेवरचा माणूस वळून पाहायला लागला. "ऐका. आत्ता खाली जा आणि डॅम्पर उघडा. पूर्ण उघडा. माझ्या तळघरातही आकडा दोन हजार तीनशे होता. मी डबी काढली आणि वर दाराशी नेऊन लावली. कुणाला सांगितलं नाही. खालच्या बायकांना चक्कर येत होती, झोप येत होती, त्यांनी मला सांगितलं होतं. मी तपासणीसाठी तसंच ठेवलं. त्यातली एक जिन्यावरून पडली. एकतीस टक्के नाहीत, देवदत्त. एकवीसच आहेत. वरचे दहा त्यांच्या श्वासातले होते. हे सगळ्यांना कळवा, माझं नाव घालून कळवा. पण आधी खाली जा."

 पलीकडून धावत पायऱ्या उतरत असल्यासारखा खडखडाट आला, आणि फोन बंद झाला. त्यानं फोन चादरीवर ठेवला. महादेवीच्या हातातली सुरी मोसंब्यात अर्ध्यावर थांबली होती. ती त्याच्याकडे पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून एक एक गोष्ट मागं सरकत गेली: आदर, पाणी आलेले डोळे, 'एवढा मोठा मानूस'. काशम्मानं त्याचा हात आणखी घट्ट केला आणि पुन्हा ते कानडी शब्द म्हणाली, हसत, मुलीनं ते साहेबांना सांगावेत म्हणून तिच्याकडे पाहत. ह्या वेळी महादेवीनं काही सांगितलं नाही. तिनं सुरी खाली ठेवली, पदराला बोटं पुसली, वाकली, आणि आईच्या मुठीतून कमलाकरचा हात सोडवायला लागली. आईला दुखू नये म्हणून सावकाश, एकेक बोट.